वरचे वजा खालचे : बारावीच्या एका गणिताची गोष्ट



बारावीच्या गणिताच्या पुस्तकात एक धडा असा आहे की तो उघडताच पुष्कळ मुलांच्या पोटात गोळा येतो. निश्चित समाकलन हे त्याचे नाव. मुले त्याला डेफिनिट इंटिग्रेशन म्हणतात. महाराष्ट्र बोर्डाच्या विज्ञान शाखेत हा धडा आहे आणि वाणिज्य शाखेतही आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले लेकरू हे पान उघडते. समोर वाकलेल्या काठीसारखी एक उंच खूण, तिच्या डोक्यावर एक आकडा, पायाशी दुसरा आकडा. घरात विचारावे तर आई सातवी शिकलेली, वडील नववी नापास. शिकवणीची फी परवडत नाही. मग मूल एक दिवस म्हणते, "गणित आपल्याला जमत नाही." आणि आईबापही निमूटपणे मान हलवतात.

मी गणिताचा प्राध्यापक नाही. बी.कॉम. झालेला साधा कारकून आहे, दिवसभर जमाखर्चाच्या वह्या बघतो. पण त्याच अनुभवावरून सांगतो, साध्या बहुपदीचे निश्चित समाकलन हे हुशारीचे काम नसून नीट मांडलेल्या हिशेबाचे काम आहे. ते कसे, हे आज एकेक पायरी घेऊन समजून घेऊ या.

"काका, मी हा धडा सोडते"

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत विज्ञान शाखेची एक मुलगी येते. दिवाळीच्या सुटीत ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "काका, मी हा धडा सोडून देते. पायऱ्या सगळ्या येतात, पण उत्तर पुस्तकाशी जुळतच नाही. मला डोकंच नाही गणिताचं."

तिची आई घरी शिवणाचे काम करते. लेकीला बोलवायला ती दारात उभी होती. म्हणाली, "नसेल जमत तर राहू द्या. मशीन आहेच घरात."

आता गंमत अशी की हा धडा सोडला तर एवढ्यावर भागत नाही. त्याच्या पुढचा क्षेत्रफळाचा धडा यावरच उभा आहे, आणि डिफरन्शियल इक्वेशनलाही इंटिग्रेशन लागतेच. एक वीट काढली की भिंत खचते. म्हणून मी म्हटले, "सोडायचे की नाही ते नंतर ठरवू. आधी चूक कुठे होते ते तरी पाहू." तिची वही बाजूला ठेवली आणि मुळापासून सुरुवात केली.

ही खूण आली कुठून?

ती वाकलेली काठी म्हणजे दुसरे तिसरे काही नसून लांब ओढलेला इंग्रजी एस आहे. १६७५ साली लाइब्निझ या जर्मन विद्वानाने ती खूण प्रथम वापरली. लॅटिन भाषेत बेरजेला 'सुम्मा' म्हणतात, त्या शब्दाचे ते पहिले अक्षर. म्हणजे या भीतिदायक खुणेचा अर्थ एवढाच की 'बेरीज करा'. खुणेच्या खाली आणि वर मर्यादा लिहिण्याची पद्धत फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने रूढ केली. उष्णतेवरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १८२२ साली निघाला, त्यात ती आहे. खालचा आकडा सांगतो बेरीज कुठून सुरू करायची, वरचा सांगतो कुठे थांबायची.

लहान लहान तुकडे करून बेरीज घेण्याची ही युक्ती मात्र त्याहून जुनी आहे. आपल्याच देशात, केरळात, १५३० च्या सुमारास ज्येष्ठदेव या गणितज्ञाने 'युक्तिभाषा' हा ग्रंथ लिहिला. त्यात अशा बेरजांचा उपयोग करून मोठमोठे सिद्धांत पटवून दिले आहेत. विशेष म्हणजे तो ग्रंथ संस्कृतात नसून मलयाळम या लोकभाषेत आहे. लोकांच्या भाषेत सांगितले म्हणून गणित हलके होत नाही, हे आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

घरातला विजेचा मीटर

आता घरातल्या मीटरकडे पाहा. सकाळी पंखा चालू असतो, दुपारी इस्त्री लागते, संध्याकाळी दिवे आणि टीव्ही. विजेच्या खपाचा वेग क्षणाक्षणाला बदलतो. महिनाभरात एकूण किती वीज खपली हे काढण्यासाठी प्रत्येक क्षणाचा खप कोणी लिहून ठेवतो काय? नाही. मीटर आपोआप बेरीज करीत राहतो. आपण फक्त दोन रीडिंगे बघतो. मागच्या महिन्याचे ४३८२, या महिन्याचे ४५०७. वजा केले, १२५ युनिट.

निश्चित समाकलन म्हणजे अगदी हेच. बदलता वेग दिलेला असतो. त्यावरून आपण आधी मीटर तयार करतो, मग शेवटचे रीडिंग वजा सुरुवातीचे रीडिंग करतो. वरचे वजा खालचे. एवढाच या धड्याचा गाभा आहे.

आता प्रत्यक्ष गणित

पुस्तकातल्या एक्सला आपण क्ष म्हणू. क्षचा वर्ग म्हणजे क्षवर्ग आणि क्षचा घन म्हणजे क्षघन असे लिहू. गणित असे घेऊ :

३ क्षवर्ग − ४ क्ष + ५ या बहुपदीचे १ पासून ३ पर्यंत समाकलन करा.

पुस्तकात याच्या शेवटी 'डीएक्स' लिहिलेले असते. त्याचा अर्थ पुढे येईल.

पहिली पायरी : पदे सुटी करा. येथे तीन पदे आहेत, ३ क्षवर्ग, उणे ४ क्ष आणि अधिक ५. प्रत्येकाचा हिशेब वेगळा करायचा, चिन्ह ज्याचे त्याच्याजवळच ठेवायचे.

दुसरी पायरी : प्रत्येक पदाचा घात एकने वाढवा आणि त्या नव्या घाताने भागा.
३ क्षवर्ग : घात २ चा ३ झाला, ३ ने भागले, उरले क्षघन.
−४ क्ष : घात १ चा २ झाला, २ ने भागले, आले −२ क्षवर्ग.
५ : याच्याजवळ क्ष दिसत नाही, म्हणजे क्षचा घात शून्य. तो १ झाला, १ ने भागले, आले ५ क्ष.

या शेवटच्या पदाशी बरीच मुले घसरतात. डिफरन्शिएशनमध्ये ५ चे शून्य होते, त्या सवयीने येथेही शून्य लिहून मोकळी होतात. येथे उलटा प्रवास आहे, म्हणून ५ चे ५ क्ष होते.

आता आपला मीटर तयार झाला : क्षघन − २ क्षवर्ग + ५ क्ष.

तो बरोबर आहे की नाही हे लगेच तपासता येते. याचे डिफरन्शिएशन करा. क्षघनाचे ३ क्षवर्ग, −२ क्षवर्गाचे −४ क्ष, ५ क्षचे ५. मूळ बहुपदी परत मिळाली, म्हणजे मीटर बरोबर आहे.

तिसरी पायरी : मीटर चौकटी कंसात लिहा आणि कंसाच्या उजवीकडे खाली १, वर ३ लिहा.

चौथी पायरी : वरची मर्यादा घाला. क्षच्या जागी ३.
२७ − १८ + १५ = २४.
मग खालची मर्यादा घाला. क्षच्या जागी १.
१ − २ + ५ = ४.

पाचवी पायरी : वरचे वजा खालचे. (२४) − (४) = २०.

उत्तर २०. यात गुणाकार, भागाकार आणि वजाबाकी यांखेरीज काय आहे?

तो 'सी' कुठे गेला?

मुलीने लगेच विचारले, "काका, आधीच्या धड्यात शेवटी अधिक सी लिहायचं असतं. येथे का नाही?"

प्रश्न चांगला होता. मी उत्तर देण्याआधी तिची आईच बोलली. मी मीटरचे सांगत असताना ती दारातच उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "माझ्या टेपचं टोक तुटलंय. मी दहा इंचांपासून धरते आणि शेवटी दहा वजा करते. माप कुठं चुकतंय?"

याहून चांगले उत्तर कुठल्या गाइडमध्ये मिळणार? सी म्हणजे टेप कुठून धरली तो आकडा. वरच्या रीडिंगमध्येही तो आहे, खालच्या रीडिंगमध्येही आहे. वजाबाकीत तो निघून जातो. आपल्या गणितात सी घेऊन पाहा : (२४ + सी) − (४ + सी) = २०. म्हणून निश्चित समाकलनात तो लिहिण्याची गरज नाही.

वाणिज्य शाखेच्या मुलांनी हेच कारखान्यात पाहावे. समजा क्ष म्हणजे मालाचे शेकडे आणि आपली बहुपदी म्हणजे दर शेकड्यामागचा सीमांत खर्च, हजार रुपयांत. मग १ शेकड्यावरून ३ शेकड्यांवर उत्पादन नेले तर खर्च २० हजार रुपयांनी वाढला. गाळ्याचे भाडे आधीही होते, नंतरही आहे. ते सीमध्ये दडलेले असते, वाढीच्या हिशेबात येत नाही.

२० हेच उत्तर कशावरून?

पुस्तकात दिले आहे म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा. आलेख कागदावर ही वक्र रेषा काढा. क्ष १ असताना उंची ४ येते, २ असताना ९ आणि ३ असताना २०. रेषेखालच्या जागेच्या उभ्या पट्ट्या पाडा. पट्टीची रुंदी म्हणजेच तो 'डीएक्स', फक्त अत्यंत बारीक.

दोनच पट्ट्या पाडल्या तर प्रत्येकीची रुंदी १. दोन्ही बाजूंच्या उंचींची सरासरी घ्यायची. पहिली पट्टी ६.५, दुसरी १४.५, बेरीज २१. अर्ध्या रुंदीच्या चार पट्ट्या पाडल्या तर बेरीज २०.२५ येते. आठ पट्ट्या पाडल्या तर २०.०६२५. पट्ट्या जितक्या बारीक, तितके उत्तर २० च्या जवळ सरकते. हजारो पट्ट्यांची बेरीज करण्याचे कष्ट दोन रीडिंगांच्या वजाबाकीने वाचतात, हीच या रीतीची थोरवी.

मुलीची चूक सापडली

आता तिची वही उघडली. तिचे गणित होते : क्षवर्ग − २ क्ष + ३, मर्यादा −१ पासून २ पर्यंत. पुस्तकातले उत्तर ९, हिचे १/३.

मीटर तिने अगदी बरोबर काढला होता : क्षघन/३ − क्षवर्ग + ३ क्ष.
वरची मर्यादा २ : ८/३ − ४ + ६ = १४/३. बरोबर.
खालची मर्यादा −१ : −१/३ − १ − ३ = −१३/३. हेही बरोबर.

आणि मग तिने लिहिले होते : १४/३ − १३/३ = १/३.

येथे चूक होती. खालचे रीडिंग मुळातच उणे आले होते. ते वजा करायचे म्हणजे उण्याचे उणे. तिने एकच उणे लिहिले, दुसरे हरवले.

मी विचारले, "आईवर वाण्याची १३ रुपयांची उधारी होती. ती फेडून आज हातात १४ रुपये शिल्लक आहेत. मध्ये किती रुपये मिळाले असतील?"

"सत्तावीस."

"मग १४ तृतीयांश आणि उणे १३ तृतीयांश यांत फरक किती?"

ती क्षणभर वहीकडे पाहत राहिली. मग लिहिले : (१४/३) − (−१३/३) = २७/३ = ९.

मागची पाने उलटली. पाच गणिते चुकली होती, पाचही ठिकाणी हीच चूक. समाकलन तिला येत होतेच. एक कंस लिहायचा राहत होता, आणि तेवढ्यासाठी ती स्वतःला बिनडोक म्हणत होती.

उत्तर चुकले हे आपले आपण ओळखावे

तिला आणखी एक गोष्ट दाखवली. क्षवर्ग − २ क्ष + ३ म्हणजेच (क्ष − १) चा वर्ग अधिक २. वर्ग कधी उणे नसतो, म्हणून ही रेषा २ च्या खाली कधी उतरत नाही. −१ पासून २ पर्यंत रुंदी ३. तेव्हा क्षेत्रफळ निदान २ × ३ = ६ असलेच पाहिजे. या टप्प्यात सर्वांत जास्त उंची −१ पाशी, ती ६. म्हणून क्षेत्रफळ १८ पेक्षा जास्त असू शकत नाही. उत्तर ६ आणि १८ यांच्या मध्ये हवे. १/३ कसे येईल? पुस्तकाचे शेवटचे पान न उघडताही हे उत्तर चूक आहे हे समजते. परीक्षेच्या खोलीत पुस्तक नसते, ही तपासणी मात्र सोबत असते.

उत्तर उणे आले म्हणूनही घाबरू नये. २ क्ष − ४ चे ० पासून ३ पर्यंत समाकलन करा. मीटर क्षवर्ग − ४ क्ष. वरचे ९ − १२ = −३, खालचे ०, उत्तर −३. ते बरोबरच आहे. ० ते २ मध्ये रेषा अक्षाच्या खाली आहे, तेथे ४ ची तूट. २ ते ३ मध्ये वर आहे, तेथे १ ची जमा. १ − ४ = −३. प्रश्नात 'क्षेत्रफळ काढा' म्हटले असेल तर मात्र दोन्ही भाग वेगळे काढून ४ + १ = ५ असे उत्तर द्यावे. प्रश्न नीट वाचणे हीसुद्धा एक पायरीच आहे.

आईवडिलांनी काय करावे?

तुम्हाला समाकलन येत नसले तरी लेकराची वही तपासता येते. चार गोष्टी पाहा.

१. चौकटी कंसाच्या उजवीकडे खाली आणि वर दोन आकडे लिहिले आहेत काय?
२. वरच्या आकड्याचा हिशेब एका ओळीत आणि खालच्याचा दुसऱ्या ओळीत, असा वेगवेगळा केला आहे काय?
३. शेवटच्या वजाबाकीत दोन्ही आकडे आपापल्या कंसात आहेत काय?
४. उत्तराच्या खाली एका ओळीचा पडताळा आहे काय?

हे पाहायला शाळेचा दाखला लागत नाही. आणि मूल चुकले तर "तुला जमत नाही" असे म्हणू नका. "कुठल्या पायरीवर चुकलास?" असे विचारा. पहिल्या वाक्याने मूल वही मिटते, दुसऱ्याने ते वही उघडते.

घरचा अभ्यास

मुलांनी ही तीन गणिते पाचही पायऱ्या लिहून सोडवावीत.

१. ६ क्षवर्ग + २ क्ष, मर्यादा ० पासून २ पर्यंत.
२. २ क्ष − ३, मर्यादा १ पासून ४ पर्यंत.
३. ३ क्षवर्ग − २ क्ष + १, मर्यादा −२ पासून १ पर्यंत.

उत्तरे अनुक्रमे २०, ६ आणि १५. तिसऱ्याचे उत्तर −१३ आले तर समजा, कंस राहिला.

आमच्या वस्तीतल्या त्या मुलीने त्याच संध्याकाळी ती पाच गणिते पुन्हा सोडवली. पाचही जुळली. तिची आई तोवर बसून होती. जाताना म्हणाली, "मशीन कुठं पळून जात नाही. आधी हे पुस्तक पुरं कर."